खानझोड्यांचं खत

जबलपूरच्या रेवा कुंज अपार्टमेंटमध्ये ओल्या कचऱ्याचं खत करायचं, हा निर्णय सोसायटीच्या कोणत्याही बैठकीत झाला नाही. तो झाला नीलकंठराव खानझोड्यांच्या तोंडून, फोनवर, आणि तोही चुकून.

संध्याकाळची वेळ होती. नीलकंठराव बाल्कनीत खुर्ची टाकून पुण्याच्या फोनची वाट पाहत बसले होते. म्हणजे वाट पाहत नाही असं दाखवत बसले होते. दाखवायला समोर कुणी नव्हतं, तरी दाखवत होते. त्यांची बायको हेमलता मुलीच्या, शैलजाच्या, बाळंतपणासाठी म्हणून पुण्याला गेली होती. बाळंतपण झालं, बारसं झालं, नात रांगू लागली, मग धरून चालू लागली, मग सोडून चालू लागली, आणि हेमलताचं परत येणं नातीच्या एकेका पराक्रमाबरोबर पुढे सरकत गेलं. दात येऊ देत. पाळणाघराची सवय होऊ दे. शैलजाच्या ऑफिसातलं ते मोठं काम एकदाचं संपू दे. दर वेळी नीलकंठराव म्हणत, ‘‘हो हो, काही घाई नाही. मी मजेत आहे.’’ त्यांची उभी नोकरी संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत, मालाच्या तपासणीवर गेली होती. लोखंडातली केसाएवढी चीर त्यांना हातभरावरून दिसायची. पण बायकोला ‘तू ये’ असं म्हणण्याची सोय त्यांच्यात मुळात केलेलीच नव्हती.

त्यामुळे रोजचा फोन असा व्हायचा:

‘‘जेवलात?’’

‘‘जेवलो.’’

‘‘काय होतं डब्यात?’’

‘‘भाजी.’’

‘‘कशाची?’’

‘‘भाजीचीच.’’

मेसच्या डब्यातल्या त्या भाजीची जात खरोखरच ओळखू येत नसे, त्यामुळे यात खोटं काही नव्हतं. यानंतर दोन्हीकडे थोडा वेळ श्वास ऐकू यायचे आणि मग नात रडायची. नातीला वेळेची जाण मोठी होती.

त्या दिवशी मात्र हेमलता फोनवर आली तीच उत्साहात. ‘‘अहो, मला कमिटीत घेतलं! इथं सोसायटीचा ओला कचरा बाहेर जाऊच देत नाहीत. खत करतात. सोमवारी नि गुरुवारी मी बघते.’’

‘बघते’ हा शब्द नीलकंठरावांना खटकला. जबलपूरची हेमलता ‘मी पाहून राहिली’ म्हणाली असती. नातीसाठी बायको गेली हे त्यांनी समजून घेतलं होतं. नात शेवटी आपलीच. पण आता पुण्याचा कचराही तिच्यावर हक्क सांगायला लागला, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

‘‘त्यात काय! आम्हीपण सुरू करून राहिलो न इथं.’’

‘‘कुठं?’’

‘‘रेवा कुंजात. सगळं ठरलं. ड्रमगिम सगळं.’’

‘‘अगबाई! कोण करणार?’’

‘‘मीच.’’

मग हेमलता म्हणाली, ‘‘मला सांगत जा हं रोज.’’ एवढं एकच वाक्य. पण नीलकंठरावांना त्या रात्री मेसची भाजी चक्क वांग्याची लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोसायटीचे सेक्रेटरी पटेरियाजींकडे गेले. पटेरियाजी वीज खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. दुसरं कुणी तयार नसल्यामुळे ते सेक्रेटरी होते, आणि ते सेक्रेटरी असल्यामुळे दुसरं कुणी तयार होत नव्हतं.

‘‘विचार तो उत्तम है खानझोडेजी,’’ ते म्हणाले, ‘‘पर ड्रम रखेंगे कहाँ?’’

हा प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. ईशान्य कोपरा देवाचा, तिथे कचरा म्हणजे घोर अपराध. आग्नेयेला स्कूटर. नैऋत्येला पाण्याची टाकी. वायव्येला ठेवला तर सोसायटीतल्या मुलींची लग्नं अडतात, असं पटेरियाजींच्या पत्नी म्हणाल्या. आणि त्यांच्या मुलीची, विनीताची, सोयरीक नुकतीच जमत आलेली असल्यामुळे या मुद्द्यावर चर्चाच झाली नाही. जो जो कोपरा नीलकंठराव सुचवत, त्या कोपऱ्यावर राहणारा माणूस बाल्कनीतून हात हलवून नाही म्हणे. शेवटी ड्रम तळमजल्यावरच्या बेबीताई ढोमणे यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवायचं एकमताने ठरलं. एकमताने अशासाठी, की त्या दिवशी बेबीताई मझौलीला बहिणीकडे गेल्या होत्या.

नीलकंठराव कायद्याने चालणारे गृहस्थ. विनापरवानगी त्यांनी आयुष्यात खिळा ठोकला नव्हता. म्हणून ते एका सरकारी कार्यालयात गेले. तिथले बाबू म्हणाले, खत बनवायचंय तर बागवानीवाल्यांकडे जा. बागवानीवाले म्हणाले, कचरा आहे तर आरोग्यवाल्यांकडे जा. नीलकंठराव दोन टेबलांच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं, की कचऱ्याचं खत नेमकं कोणत्या दिवशी होतं असं सरकार धरतं? आरोग्यवाल्या साहेबांनी पान जिभेखाली सरकवून थोडा विचार केला.

‘‘देखिए, जब तक सड़ रहा है तब तक हमारा. सड़ गया, तो उनका.’’

‘‘और परमिशन?’’

‘‘काय दादा, कचरे की भी कोई परमिशन लेता है? जाओ, सड़ाओ.’’

ही सरकारी मंजुरी समजून नीलकंठराव रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत गेले आणि एका कारखान्यातून जुना प्लास्टिकचा मोठा ड्रम घेऊन आले. कारखाना लोणच्याचा होता. ड्रम कितीही धुतला तरी त्याचा हिंग-मोहरीचा वास जाईना. पहिला आठवडाभर अख्ख्या रेवा कुंजात कैरीच्या लोणच्याचा घमघमाट सुटला होता. लोक ड्रमपाशी येऊन उगाच रेंगाळायचे. या योजनेला लोकांचा खराखुरा पाठिंबा मिळाला, तो त्या आठवड्यात.

बेबीताई मझौलीहून परतल्या तेव्हा त्यांनी खिडकी उघडली, नाक पुढे केलं आणि मग खाली पाहिलं.

‘‘काहून हो भाऊजी, माझ्याच खिडकीखाली?’’

‘‘तात्पुरतं आहे बेबीताई.’’

‘‘तात्पुरतं म्हणून तर तुमची हेमलता गेली होती पुण्याला.’’

नीलकंठराव ड्रमची भोकं तपासू लागले.

रोज सकाळी ते बादली घेऊन दारोदार जाऊ लागले. इस्त्रीचा शर्ट, पायात सँडल, हातात हिरवी बादली. तपासणी खात्यातल्या माणसाला लोकांच्या दारात उभं राहून ‘कचरा आहे का?’ असं विचारणं सोपं नसतं. पहिल्या दिवशी तर एका बाईंनी दार किलकिलं करून ‘आज नहीं, कल आना’ म्हटलं आणि बंद केलं. एका घरातून जुनी चप्पल आली. ‘‘चमड़े की है अंकल, सड़ जाएगी.’’ दुसऱ्या घरातून दाढीचं ब्लेड आलं, तेही वर्तमानपत्रात प्रेमाने गुंडाळून. नीलकंठरावांनी ओला कचरा म्हणजे काय, यावर जिन्यात उभं राहून हिंदीत एक छोटंसं भाषण केलं. ते ऐकून एकाने ओला टॉवेल आणून दिला.

पण हळूहळू लोक शिकले, आणि नीलकंठरावही शिकले. इतकी वर्षं त्या जिन्यात राहून ज्या घरांच्या फक्त नावाच्या पाट्या त्यांना ठाऊक होत्या, त्यांची सालं आता त्यांच्या ओळखीची झाली. वरच्या मजल्यावर पाहुणे आले की कांदे दुप्पट. समोरच्या घरात सासू उपास धरते तेव्हा साबुदाणा, आणि सून रागावते तेव्हा तोच साबुदाणा न खाल्लेला. कोपऱ्यातल्या त्या अबोल मास्तरांकडे रोज एकच केळ्याचं साल, कधीतरी दोन. दोन असली की नीलकंठराव विचारत, ‘‘कोई आया था क्या मास्टरजी?’’ आणि मास्तर लाजून म्हणत, ‘‘हओ, भतीजा आया था.’’

हे सगळं ते संध्याकाळी हेमलताला सांगत. आणि नवल म्हणजे हेमलता ऐकत होती! ‘‘ती सून परत माहेरी गेली काय?’’ ‘‘मास्तरांच्या पुतण्याचं लग्न झालं न हो?’’ नात रडली तरी ती म्हणायची, ‘‘थांब गं जरा, आजोबा सांगून राहिले न.’’ तिच्या तोंडून ते ‘सांगून राहिले’ ऐकलं की नीलकंठराव बाल्कनीत खुर्चीवर उगाचच सरळ होऊन बसत. फोन ठेवल्यावर मात्र घर आणखी मोठं वाटायचं. एवढं सगळं जिन्याचं सांगितलं, आपल्या घराचं सांगायला काहीच नव्हतं, हे फोन ठेवल्यावर लक्षात यायचं.

ते बेबीताईंच्याही लक्षात आलं होतं.

‘‘सगळ्यांचा कचरा घेता भाऊजी, तुमच्या घरचा कुठाय?’’

बादलीत खानझोड्यांच्या घरचं काहीच नसायचं. मेसच्या डब्याला साल कुठून येणार? कार्यक्रमाच्या प्रमुखाचंच योगदान शून्य, ही गोष्ट नीलकंठरावांना इतकी झोंबली की त्याच दिवशी ते कांचघरच्या बाजारात गेले आणि एक लांबलचक दुधी भोपळा घेऊन आले. घरी बसून त्यांनी तो नीट सोलला. सालं ताटलीत एका रेषेत मांडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांना दिसतील अशा बेताने बादलीत टाकली. आता सोललेला भोपळा उरला. त्याचं काय करतात, हे त्यांना माहीत नव्हतं. तो टेबलावर उघडा पडलेला पाहून त्यांना कसंतरीच झालं. शेवटी त्यांनी तो एका फडक्यात गुंडाळून बेबीताईंना नेऊन दिला.

बेबीताईंनी फडकं उघडलं. भोपळ्याकडे पाहिलं, नीलकंठरावांकडे पाहिलं.

‘‘सोलून आणला?’’

‘‘हो. म्हटलं तुम्हाला त्रास काहून.’’

बेबीताई तोंडाला पदर लावून आत गेल्या. दुपारी भोपळ्याची भाजी वाटीतून वर आली. नंतर दोडका गेला, भाजी आली. गाजरं गेली, कोशिंबीर आली. सोललेल्या भाज्यांची ही वाहतूक सुरू झाल्यावर नीलकंठरावांची तब्येत सुधारली. पण ही बाब त्यांनी पुण्याला कळवली नाही. कळवली असती तर आपण मजेत असल्याचा पुरावा आणखी भक्कम झाला असता, आणि तेवढा भक्कम पुरावा द्यायची त्यांची इच्छा नव्हती.

इकडे ड्रममधला लोणच्याचा वास संपला आणि खरा वास सुरू झाला.

सुरुवातीला लोकांनी तो एकमेकांवर ढकलला. मग माश्या आल्या. मग पांढऱ्या अळ्या आल्या. मग सल्ले आले. बेबीताई म्हणाल्या ताक-गूळ टाका. पटेरियाजी म्हणाले गोमूत्र. मास्तरांनी राख सुचवली. वरच्या मजल्यावरच्या इंजिनियरने मोबाईलमध्ये पाहून सांगितलं की यीस्ट हवं. नीलकंठरावांना कुणाचं मन मोडता येत नसे, म्हणून त्यांनी सगळंच टाकलं. आतून गुबगुब असा आवाज येऊ लागला. मास्तर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. बेबीताईंनी खिडकी बंद केली ती उघडलीच नाही, आणि ऐन गरमीत त्यांची भाजी वर येताना घामाघूम होऊन येऊ लागली.

उपाय पुण्यात होता. हेमलताने सहज विचारलंही होतं, ‘‘सुका पाला टाकता न मध्ये मध्ये? नाही तर ओलं फार होतं.’’

नीलकंठरावांनी सुका पाला टाकला नव्हता. सुका पाला टाकायचा असतो हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. कंपाउंडमधल्या कडुनिंबाचा सगळा पाला चौकीदार नथ्थू रोज गोळा करून जाळायचा. पण पुण्याच्या कमिटीकडून शिकायचं म्हणजे हरायचं. ‘‘सगळं टाकतो न,’’ ते म्हणाले. ‘‘इकडचं मॉडेलच वेगळं आहे.’’

मॉडेल हा शब्द त्यांच्या तोंडून गेला, आणि हेमलताने तो उचलला. तिने तो कमिटीतल्या बायकांना सांगितला. बायकांनी जबलपूर मॉडेल बघायची इच्छा व्यक्त केली. आणि पुढच्या रविवारी सकाळी फोनवर सगळ्यांना ड्रम दाखवायचा, असं ठरलं.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी पटेरियाजींच्या विनीताचा साखरपुडा झाला. कंपाउंडमध्येच मांडव घातला होता. नीलकंठरावही पाहुण्यांत होते. पण सगळं उरकून ते वर गेल्यावर पटेरियाजींनी उरलेल्या पुऱ्या, कढी आणि रसगुल्ल्यांचा पाक मोठ्या मनाने ड्रममध्ये ओतला. ‘‘शुभ कार्य का है,’’ ते नथ्थूला म्हणाले, ‘‘खाद अच्छी बनेगी.’’

रविवारी सकाळी नीलकंठराव खाली आले. ड्रमला झेंडूची माळ घातली होती, ती त्यांनीच सांगितली होती. वास मात्र त्यांनी सांगितला नव्हता. पण फोनमधून वास जात नाही, एवढं विज्ञान त्यांना माहीत होतं. शेजारी पटेरियाजी कडक कुर्ता घालून उभे होते. त्यांना दोन शब्द बोलायचे होते.

पडद्यावर हेमलता दिसली. केस वेगळे बांधले होते. गालावर जरा मांस आलं होतं. तिच्या खांद्यामागे पाच-सहा बायकांची डोकी दाटीवाटीने मांडलेली. नीलकंठराव पाठ केलेलं सगळं विसरले आणि नुसते पाहत राहिले.

‘‘अहो, ड्रम दाखवा ना,’’ हेमलता म्हणाली.

त्यांनी फोन वळवला. त्याच वेळी मांडववाल्याची गाडी आत घ्यायला नथ्थूने फाटक सताड उघडलं आणि गाडीच्या आधी एक गाय आत आली.

गाय सभ्य होती. तिने आधी माळ खाल्ली. मग तिला रसगुल्ल्याचा वास लागला.

‘‘ही गाय कशाला?’’ पुण्याहून एक आवाज आला. ‘‘म्हणजे या पद्धतीत गायीचं काम नक्की काय असतं?’’

‘‘ती... तपासणीला आली आहे,’’ नीलकंठराव म्हणाले.

गायीने तपासणीसाठी डोकं ड्रममध्ये घातलं. शिंगं आत गेली, बाहेर येईनात. आत अंधार, भोवती कढी आणि अळ्या, गाय घाबरली. तिने मान वर केली आणि ड्रमही वर आला. मग ड्रम घातलेली ती गाय मांडवातून धावत सुटली. तिच्या प्रत्येक उडीबरोबर रेवा कुंजचा सगळा कचरा, सासूचा साबुदाणा, मास्तरांचं केळं, पटेरियाजींचं शुभकार्य, चारी बाजूंना उडत होता. पटेरियाजी एका उडीत कुणाच्या तरी स्कूटरवर उभे राहिले. दोन शब्द बोलायचे होते ते पटेरियाजी बोलले, पण ते पुण्याच्या बायकांसमोर बोलण्यासारखे नव्हते. नीलकंठरावांचा पाय पाकावरून घसरला, फोन हातातून उडाला आणि कढीत उताणा पडला. त्यानंतर पुण्याला बराच वेळ फक्त जबलपूरचं आकाश दिसत होतं.

शेवटी बेबीताईंनी, इतक्या दिवसांनी, खिडकी उघडली. गाय नेमकी तिथे येऊन दमून उभी राहिली होती. त्यांनी गजांतून हात घालून ड्रमच्या काठातून गायीच्या शिंगांवर वाटीभर गोडेतेल सोडलं, ‘‘उगी माय, उगी,’’ म्हणत ड्रम ओढला आणि तो सुटला. गाय जराही न रागावता फाटकातून निघून गेली.

पटेरियाजींनी स्कूटरवरूनच जाहीर केलं, ‘‘तत्काल प्रभाव से बंद!’’

नीलकंठराव वर आले. अंघोळ केली. पुन्हा एकदा केली. पुसून ठेवलेला फोन टेबलावर वाजत होता, त्याच्याकडे ते पाहत बसले. कमिटीतल्या बायका तिला काय म्हणाल्या असतील? नवऱ्याने जबलपुरात कढीत लोळण घेतली, हे सांगत ती तिथे कोणत्या तोंडाने वावरेल? आणि अशा घरी परत यावंसं तिला का वाटेल? फोन वाजायचा थांबला. मग दारावर थाप पडली.

दारात बेबीताई होत्या, हातात त्यांचा स्वतःचा फोन. ‘‘घ्या. तुमचा उचलून नाही राहिले म्हणून मला केला तिनं.’’

नीलकंठरावांनी फोन कानाला लावला. पलीकडून हुंदक्यासारखा आवाज येत होता.

‘‘हेमा, रडू नको. मी सगळं साफ—’’

‘‘तपासणीला!’’ पलीकडून कसंबसं एवढंच आलं, आणि ते रडणं नव्हतं. हेमलता हसत होती. खोकला येईपर्यंत, पाणी प्यावं लागेपर्यंत हसत होती. ‘‘अहो, गाय तपासणीला! कमिटीतल्या त्या मोठ्या बाई तर खालीच बसल्या हसून हसून.’’

असं ती किती दिवसांत हसली नव्हती. निदान त्यांच्याशी बोलताना तर नाहीच. नीलकंठरावांनाही हसू आलं. बेबीताई दारातच उभ्या होत्या. एरवी त्यांच्यासमोर नीलकंठरावांनी पंख्याची तक्रारसुद्धा केली नसती.

‘‘हेमा,’’ ते म्हणाले, ‘‘मी मजेत नाही आहे.’’

हसणं थांबलं.

‘‘तू ये न आता.’’

बेबीताई मोठ्या एकाग्रतेने छताकडे पाहू लागल्या.

‘‘हे आधी काहून नाही सांगितलं?’’ हेमलता हळू आवाजात म्हणाली.

‘‘तू खूश होतीस न तिथं.’’

‘‘खूश होती, नाही कुठं म्हणते. पण दर वेळी वाटायचं, आता ‘ये’ म्हणतील, मग म्हणतील. तुम्ही आपले मजेत. बोलावल्याशिवाय यायला मी काय ती गाय आहे?’’

हेमलता लगेच आली नाही. शैलजासाठी कुणीतरी बाई मिळायला हवी होती, ती मिळायला वेळ लागला. पण आता फोनवर ती ‘येते’ म्हणायची आणि ते ‘कधी?’ विचारायचे. हा प्रश्न त्यांना इतका आवडला की दिवसातून दोनदा विचारत. एका सकाळी ती स्टेशनवर उतरली तेव्हा नीलकंठराव फलाटावर गाडीच्याही आधीपासून हजर होते, आणि काय बोलावं हे न सुचून त्यांनी तिला विचारलं, ‘‘जेवलीस?’’

सोसायटीत शिरल्यावर तिने आधी ड्रमची जागा पाहिली. मग तिचं लक्ष टाकीमागच्या ढिगाकडे गेलं. त्या रविवारी मांडवातला सगळा राडा नथ्थूने झाडला, कडुनिंबाच्या पाल्यात कालवला आणि बाहेर नेऊन टाकायचा कंटाळा आला म्हणून टाकीमागे लोटून दिला. तेव्हापासून त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. हेमलताने काठीने ढीग उकरला, मूठभर उचललं, नाकाशी नेलं.

‘‘अहो, हे तर खत झालं की!’’

काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या परसासारख्या वासाचं. बेबीताई आल्या, मास्तर आले. पटेरियाजी आले आणि त्यांनी चिमूटभर हातात घेऊन गंभीरपणे सांगितलं, ‘‘हमने तो पहले ही कहा था. शुभ कार्य का माल है.’’ बंदी त्यांनी तत्काल प्रभावाने उठवली.

ड्रम पुन्हा उभा राहिला, वर जड झाकण आलं, पाल्याचं पोतं शेजारी आलं. सकाळी आता दोघं मिळून दारोदार जाऊ लागले. नीलकंठराव बादली धरत, हेमलता गप्पा मारी, त्यामुळे फेरी संपायला दुपार होई. घरात फोडण्यांचा वास आला. खानझोड्यांच्या घरची सालं खरीखुरी येऊ लागली. बेबीताईंना सोललेल्या भाज्या मिळेनाशा झाल्या, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. नीलकंठरावांना आता कशाची उणीव राहिली नव्हती.

अशाच एका सकाळी ते घरची बादली घेऊन निघाले होते. मेथीच्या काड्या, लिंबाची फोड, चहाचा चोथा. आणि त्यावर एक पोळी. तळहातापेक्षाही लहान, गोल, फुगलेली, तूप लावून मधोमध दुमडलेली. कुणी तोडलेली नव्हती. त्यांना आठवलं, कालही अशीच एक होती. परवाही.

हेमलता ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. शेवटच्या उंड्याची नातीसाठी चिमणी पोळी लाटायची सवय तिच्या हातांना पुण्यात लागली होती, आणि जबलपूरला आल्याचं हातांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. लाटून, भाजून, तूप लावून झाल्यावर तिला रोज आठवत असणार. मग ती गुपचूप बादलीत टाकत असणार. तोंडाने ती यातलं काही बोलली नव्हती. उलट काल संध्याकाळीच शैलजाला फोनवर सांगत होती, की इथं किती बरं वाटतं म्हणून.

नीलकंठरावांनी बादली खाली ठेवली. आपण बोलावलं म्हणून ती आली. येताना काय तिथे ठेवून आली, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

‘‘हेमा,’’ ते म्हणाले, ‘‘पुण्याची तिकिटं काढतो. दोन.’’

ती वळली. तिची नजर बादलीवर गेली, मग त्यांच्यावर. डोळे भरून आले तसे तिने पिठाच्या हातानेच पुसले, आणि कपाळापर्यंत पांढरी झाली.

‘‘तुम्ही येता?’’

‘‘येतो न. आणि येऊ परत. मग पुन्हा जाऊ.’’

‘‘आणि ड्रम? ड्रम कोण पाहील?’’

‘‘पटेरियाजी.’’

हेमलताने खिडकीतून खाली पाहिलं. कडक कुर्ता घातलेले पटेरियाजी ड्रमपासून चार हात लांब उभे राहून काठीने झाकण उघडायचा प्रयत्न करत होते.

‘‘त्यांना जाऊन सांगा आधी,’’ ती नाक ओढत म्हणाली, ‘‘झाकण काठीने नाही उघडत म्हणावं. आणि म्हणावं, पाला टाकत जा.’’